अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि वेशीबाहेरचा हिशेब

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या महाविद्यालयात केंद्रीय अर्थसंकल्पावर व्याख्यान असते. वक्ता बाहेरचा, बहुधा एखाद्या विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागातला. वित्तीय तूट, आयकराची मर्यादा, बाजाराने अर्थसंकल्पाचे स्वागत केले की नाही, एवढ्यावर तास संपतो. मागे अशाच एका व्याख्यानानंतर द्वितीय वर्षाच्या एका मुलीने उठून विचारले, "सर, अनुसूचित जातींसाठी किती पैसे ठेवलेत? आणि मागच्या वर्षी ठेवले होते त्यातले खर्च किती झाले?" वक्ते गोंधळले नाहीत, रागावलेही नाहीत. मायेने म्हणाले, "बाळ, तो समाजकल्याणाचा विषय झाला. आपण आज अर्थव्यवस्थेवर बोलतोय." टाळ्या झाल्या, आभार झाले, चहा झाला.

त्या चहाला मीही होतो. मीही अर्थशास्त्रच शिकवतो, आणि मीही काही बोललो नाही. तेव्हा जे बोलायला हवे होते ते इथे लिहीत आहे. त्यात माझ्या गप्प बसण्याचाही हिशेब आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

त्या मुलीचा प्रश्न अर्थसंकल्पाच्याच कागदांतला होता. अनुसूचित जातींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात योजनेतला पैसा बाजूला काढावा, हे तत्त्व देशात १९७९-८० पासून आले. आपल्याकडे त्याला विशेष घटक योजना म्हणत. २०१७-१८ च्या अर्थसंकल्पापासून योजना खर्च आणि योजनेतर खर्च हा भेदच काढून टाकण्यात आला, आणि ज्या खर्चाच्या प्रमाणात वाटा मागायचा तो पायाच उरला नाही. आज अर्थसंकल्पासोबतच्या खर्चाच्या पुस्तकात '१०अ' या क्रमांकाचे विवरणपत्र असते. त्याचे नाव अनुसूचित जातींच्या 'कल्याणा'साठीची तरतूद. वाट्याचा शब्द गेला आणि कल्याणाचा आला. हा बदल अर्थशास्त्राचा नव्हे तर कशाचा? पण वक्त्यांनी ते पान उलटले असावे असे वाटले नाही. ते पान आपल्या शास्त्राचे आहे, असेच त्यांना वाटत नव्हते.

विद्यापीठातल्या अर्थतज्ज्ञांवर नेहमी एक आरोप होतो, की ते हस्तिदंती मनोऱ्यात बसतात आणि लोकांत येत नाहीत. निदान महाराष्ट्राच्या बाबतीत हा आरोप खोटा आहे. पुण्याची गोखले संस्था १९३० साली निघाली. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ हे अभ्यासिकेत कोंडून घेणारे गृहस्थ नव्हते. विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत ते होते, आणि पुढे १९६७ ते १९७१ या काळात नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते. त्यांच्या मागून आलेले वि. म. दांडेकर तर वाद घालण्यासाठीच जन्मले होते. या माणसांनी सरकारला सुनावले, मराठीतून लिहिले, खेड्यापाड्यांत पाहण्या केल्या. आजच्या दूरदर्शनी तज्ज्ञांशी त्यांची तुलना करणे म्हणजे त्यांचा अपमान होईल.

म्हणून माझा प्रश्न वेगळा आहे. ते लोकांत आले. पण येताना मोजण्याचे कोणते माप घेऊन आले? आणि त्या मापात आमचा माणूस कोणत्या रूपाने सापडला?

दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास जानेवारी १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज २२५० उष्मांक मिळण्याइतके अन्न ज्याला परवडत नाही तो दरिद्री, असे माप त्यांनी घेतले. १९६०-६१ च्या किमतींनी खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये ही त्यांची रेषा. त्या रेषेखाली ग्रामीण भागातले सुमारे चाळीस टक्के आणि शहरातले जवळजवळ निम्मे लोक निघाले. ज्या काळात 'गरिबी हटाव' ही निवडणुकीची घोषणा होती, त्या काळात दोन प्राध्यापकांनी गरिबीचा आकडा देशापुढे ठेवला, तोही कुणाला खूष करण्यासाठी नव्हे. एवढेच करून ते थांबले नाहीत. मागेल त्याला किमान वेतनावर काम मिळाले पाहिजे, ग्रामीण भागात सार्वजनिक कामे काढली पाहिजेत, आणि त्याचा भार वरच्या थरातल्या लोकांनी उचलला पाहिजे, असे त्यांनी स्वच्छ मांडले. मी ते पुस्तक दरवर्षी वर्गात शिकवतो आणि आदराने शिकवतो.

लगेच दुष्काळ आला. १९७२-७३ चा तो दुष्काळ मराठवाड्यात अजून 'बहात्तरचा' एवढ्याच नावाने ओळखला जातो. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. वि. स. पाग्यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या काही गावांत जो प्रयोग करून पाहिला होता, तोच विस्तारत जाऊन रोजगार हमी योजना झाली. १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. पैशासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. २००५ साली देशाने जो रोजगार हमीचा कायदा केला त्याची मुळे इथे आहेत.

माझी आजी त्या पन्नास लाखांत होती. खडी फोडायला होती, पुढे पाझर तलावाच्या कामावर होती. तिला उष्मांक माहीत नव्हते, पण ब्रास माहीत होता. मुरूम किती आणि कठीण खडक किती, खड्ड्याचे माप मुकादम कुठे खाली दाबतो, हे तिला तोंडपाठ होते. मिलोच्या भाकरीची चव आणि सुकडीचा वास तिने शेवटपर्यंत काढला. पण दोन गोष्टी ती पुन्हा पुन्हा सांगायची. पहिली ही, की कामावर पाणी पाजणारी बाई वरच्या जातीची असे आणि आमच्या बायांनी ओंजळ धरायची. पाणी वरून पडे. दुसरी ही, की आयुष्यात पहिल्यांदा तिला पाटलाच्या वाड्यापुढे उभे न राहता मजुरी मिळाली. तिच्यासाठी त्या कामाचे मोल या दुसऱ्या गोष्टीत होते. सरकारी तक्त्यात मात्र ती एक 'मनुष्यदिन' होती.

पुढे रोजगार हमीवर अर्थतज्ज्ञांत जी चर्चा झाली ती मी बरीचशी वाचली आहे. कामे टिकाऊ होतात का, पैसा गळतो किती, खऱ्या गरिबापर्यंत पोचतो का, शेतीच्या हंगामात मजूर मिळत नाहीत ही बागायतदारांची ओरड खरी किती, असे प्रश्न तिच्यात आहेत. प्रश्न बरोबर आहेत. फक्त पाटलाच्या वाड्यापुढे उभे राहावे लागत नाही, हा लाभ कोणत्या रकान्यात धरायचा, हे त्या चर्चेने मला सांगितले नाही. बागायतदाराची ओरड ही त्या लाभाचीच पावती होती, हेही फार थोड्यांनी ओळखले.

जमिनीच्या प्रश्नावर हे अधिक स्पष्ट होते. १९५९ साली आणि पुन्हा १९६४-६५ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्याला द्या, ही मागणी घेऊन माणसे तुरुंगात गेली, बाया कडेवर लेकरे घेऊन गेल्या. सहा वर्षांनी दांडेकर-रथांनी हिशेब मांडला, की कमाल मर्यादा लावून जमीन वाटली तरी सगळ्यांना पुरेल अशी जमीन निघत नाही. दारिद्र्याचे उत्तर जमीनवाटपात नाही, कामात आहे. हे वाचून आमच्यातले अनेकजण संतापतात. 'बामणी अर्थशास्त्र' म्हणून पुस्तक मिटतात.

मी मिटत नाही, कारण बाबासाहेबांनी १९१८ सालच्या लहान धारणक्षेत्रांवरच्या निबंधात याच्या जवळ जाणारे म्हटले होते. शेत लहान की मोठे हे एकरांवर ठरत नाही, त्याला जोडलेल्या भांडवलावर आणि श्रमावर ठरते. शेतीवर माणसांचा भार जास्त आहे, तो उद्योगांकडे वळल्याखेरीज तुकडे जोडून काही साधणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे अंकगणितात दोघांचे फारसे वाकडे नाही. फरक पुढच्या पावलात आहे. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात बाबासाहेब शेती राज्याच्या मालकीची करा म्हणतात, गावातल्या लोकांना जातिधर्माचा भेद न करता सामुदायिक तत्त्वावर ती कसायला द्या म्हणतात, म्हणजे जमीनदार, कूळ आणि भूमिहीन हे भेदच उरणार नाहीत. जमीन पुरत नाही हे मान्य केल्यावर ते विचारतात, मग आज ती कोणाच्या ताब्यात आहे आणि त्या ताब्याच्या जोरावर कोण कोणाला राबवतो? दांडेकर-रथ जमीन पुरत नाही म्हणून जमिनीचा प्रश्न बाजूला ठेवतात. त्यांच्या मांडणीचा कणा खर्चाचे गट हा आहे. महिना बारा रुपये खर्च करणारा मराठा अल्पभूधारक आणि महिना बारा रुपये खर्च करणारा महार किंवा मांग शेतमजूर त्या गटात शेजारी शेजारी बसतात. गावात ते शेजारी बसत नव्हते.

यावर कोणी म्हणेल की ही अडचण आकडेवारीची आहे, माणसांची नव्हे. ते काही अंशी खरे आहे. १९३१ नंतर जनगणनेने अनुसूचित जाती-जमाती सोडून जाती मोजल्या नाहीत. २०११ च्या सामाजिक-आर्थिक पाहणीत जातींची नोंद घेतली, पण ते आकडे जाहीर झाले नाहीत. येत्या जनगणनेत जाती मोजण्याचा निर्णय केंद्राने एप्रिल २०२५ मध्ये घेतला. पण आकडे नाहीत म्हणून अर्थतज्ज्ञ अडून बसला असे एरवी दिसत नाही. गरिबीचा आकडा नव्हता तेव्हा दोन प्राध्यापकांनी तो तयार केलाच की! ज्याला जे खुपते त्याचा आकडा तो काढतो.

सुखदेव थोरातांना खुपले, म्हणून त्यांनी आणि पॉल अॅटवेल यांनी नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले. २००७ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. दलित आडनावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण आडनावाच्या मानाने सुमारे दोन-तृतीयांश निघाली आणि मुसलमान नावाची त्याहूनही कमी. खाजगी क्षेत्र फक्त गुणवत्ता पाहते, हे वाक्य तोपर्यंत अर्थशास्त्राच्या वर्गात सिद्धांतासारखे सांगितले जाई. अजूनही सांगितले जाते.

आता 'अनुशेष' या शब्दाकडे येतो, कारण माझे म्हणणे या एका शब्दात मला सर्वांत स्वच्छ दिसते. हा शब्द मराठी राजकारणात घरोघर नेला तो दांडेकरांच्याच अध्यक्षतेखालच्या सत्यशोधन समितीने. प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी १९८३ साली ती नेमली गेली आणि १९८४ साली तिचा अहवाल आला. रस्ते, सिंचन, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत राज्याची सरासरी धरायची, जो जिल्हा तिच्या खाली तो किती खाली हे काढायचे, आणि ती तूट भरायला किती रुपये लागतील ते मांडायचे. एकूण सुमारे ३,१८६ कोटींचा अनुशेष निघाला. मराठवाडा-विदर्भाच्या माणसाच्या हाती त्या अहवालाने एक हत्यार दिले. प्राध्यापकाने सार्वजनिक जीवनात काय करावे याचे याहून चांगले उदाहरण मी शोधूनही देऊ शकणार नाही.

पण मापाचे एकक जिल्हा होते. जिल्ह्याचा रस्ता सरासरीला पोचला की अनुशेष भरला. तो रस्ता गावात येऊन मारुतीच्या पारापाशी थांबला आणि आमच्या वस्तीपर्यंतचे शेवटचे दोनशे पावलांचे अंतर चिखलाचेच राहिले, तर ते कोणत्या तक्त्यात दिसणार? समितीला तेवढेच काम सांगितले होते, हे मला ठाऊक आहे. तरीही सरासरी काढणाऱ्या शास्त्राला वेस दिसत नाही, हे सांगायलाच हवे. गावात एक विहीर म्हणजे गावाला पाणी, हे गणित महाडच्या आधीही बरोबर होते आणि नंतरही.

गंमत अशी की याच काळात आणखी एक अनुशेष मराठीत नांदत होता. मागासवर्गीयांच्या न भरलेल्या जागांचा. 'अनुशेष भरती' हा शब्द आमच्या पोरांना क्रमिक पुस्तकातून नव्हे, शासन निर्णयांतून आणि मोर्चांतून कळला. एकच शब्द, पण एका अनुशेषासाठी समिती, तक्ते आणि विधिमंडळात चर्चा, आणि दुसऱ्यासाठी बिंदुनामावलीची वही, जी कपाटात असते आणि कपाटाची किल्ली साहेबांकडे असते. न भरलेल्या त्या जागांचे पगार किती वर्षे, किती कुटुंबांत गेले नाहीत, त्यातून किती मुले शिकली नाहीत, किती घरे उठली नाहीत, ही रक्कम काढता येणार नाही इतकी अवघड नाही. एम.ए.च्या प्रकल्पाला बसेल एवढी आहे. तो अनुशेष रुपयांत काढावा असे विद्यापीठांतल्या आमच्या विभागांना सुचले नाही, कारण तो 'समाजकल्याणाचा' विषय.

बाबासाहेब याच बिरादरीतले होते, हे विसरून चालणार नाही. १९१८ ते १९२० ते मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि अध्यापकांच्या माठातले पाणी त्यांनी प्यावे यावर तिथल्या काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती. ज्याला माठाशी अडवले तो माणूस रुपयाबद्दल लिहितो तेव्हा काय पाहतो? १९२३ च्या रुपयावरच्या प्रबंधात त्यांनी केन्ससारख्याने उचलून धरलेल्या सुवर्ण विनिमय पद्धतीवर हल्ला चढवला. प्रस्तावना लिहिणाऱ्या त्यांच्याच गुरूने, कॅननने, मतभेद नोंदवले, तरी ते हटले नाहीत. त्या काळात मुंबईचे व्यापारी आणि गिरणीमालक रुपयाचा दर उतरता हवा म्हणत, आणि ती राष्ट्रीय मागणी समजली जाई. बाबासाहेबांनी दाखवले की किमती आधी चढतात आणि मजुरी मागून येते. निर्यातदाराला जो फायदा होतो तो मजुराच्या ताटातून जातो. डिसेंबर १९२५ मध्ये चलनावरच्या शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. १९२७ साली मुंबई विधिमंडळात ते म्हणाले की एका एकराच्या धन्यावर आणि शंभर एकरांच्या धन्यावर एकाच दराने शेतसारा बसवणे अन्यायाचे आहे. १९२८ साली वतनाचे विधेयक, त्यात बलुत्याऐवजी रोख मोबदल्याची तरतूद. १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक. या सगळ्यांत मला एकच सवय दिसते. कोणताही आकडा समोर आला की तो कोणाच्या खिशातून निघाला हे ते पाहतात. मुंबईतल्या पदवीच्या अभ्यासक्रमात मी केन्स तीन पेपरांत शिकलो. डॉ. आंबेडकर मला अर्थशास्त्राच्या वर्गात भेटले नाहीत. १४ एप्रिलच्या फलकावर भेटले.

आणि आता आमच्या स्वतःच्या माणसांबद्दल. आम्ही तरी त्या अर्थतज्ज्ञाचे काय केले? रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली, हे वाक्य प्रत्येक जयंतीला ऐकू येते. बँक १९३५ साली सुरू झाली. तिच्या आधीच्या वादात बाबासाहेबांचा वाटा होता, साक्ष होती, हे खरे. पण चलन चालवणाऱ्याच्या हाती मोकळीक देण्यावरच त्यांचा विश्वास नव्हता. नाणी पाडणे सरकारलाही बंद करा आणि चलनाला पक्की मर्यादा घाला, ही त्यांची मागणी होती. मध्यवर्ती बँकेच्या आजच्या कारभारावर ती टीका ठरू शकते. तिचे आम्ही प्रशस्तिपत्र करून टाकले. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटा रद्द झाल्या तेव्हा, दर दहा वर्षांनी नोटा बदलाव्यात असे बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे, हे वाक्य आमच्याच वस्तीत फिरत होते. मी प्रबंध पुन्हा वाचून काढला. त्यात असे काही मला सापडले नाही. चलनातल्या मूल्याच्या ८६ टक्के नोटा एका रात्रीत गेल्या होत्या, मजूर अड्ड्यावरून माणसे रिकाम्या हाताने परतत होती, आणि आम्ही त्या निर्णयाला बाबासाहेबांची सही शोधत होतो. रिझर्व्ह बँकेने २०१८ साली सांगितले की त्यांतल्या ९९ टक्क्यांहून अधिक नोटा परत आल्या. मजुराचे बुडालेले दिवस किती, ते कोणी सांगितले नाही. रुपयाचा भार कोणावर पडतो हे ज्याने शिकवले, त्याच्या नावाखाली हे झाले.

दैवत केले की वाचावे लागत नाही. अर्थशास्त्राच्या विभागांनी त्यांना घटनाकार म्हणून बाहेर ठेवले आणि आम्ही महामानव म्हणून वर ठेवले; पुस्तक दोन्हीकडे बंद राहिले. आमच्यातल्या लेखकाने आत्मकथन लिहिले, कविता लिहिली, आणि त्या लेखनाने मराठीला हलवले. पण त्याच आत्मकथनांत मजुरीचे दर आहेत, कर्जाचे व्याज आहे, बलुत्याचे माप आहे. समीक्षकांनी त्यांतली वेदना वाचली. तो आर्थिक दस्तऐवज आहे असे म्हणून वाचणारा अर्थशास्त्राचा प्राध्यापक निघाला नाही. यात मी आलो.

मी तासिका तत्त्वावर शिकवतो. नेमणूक वर्षावर्षाला होते. त्या चहाच्या वेळी मी का बोललो नाही याचे कारण यात आहे आणि पुरतेपणी यात नाही; व्यासपीठावरच्या माणसाचे शास्त्र ते खरे शास्त्र आणि आपले प्रश्न ते घरचे प्रश्न, ही शिकवण माझ्यातही मुरली आहे. आमच्या घरातला पहिला पदवीधर म्हणून ती मी जास्तच मन लावून शिकलो.

ती मुलगी आता तृतीय वर्षाला आहे. प्रकल्पासाठी तिने विषय घेतला: एका महाविद्यालयातील मागासवर्गीय जागांचा अनुशेष आणि न दिलेल्या वेतनाची रक्कम. विभागात विषयावर कुरकुर झाली. यात अर्थशास्त्र कुठे आहे, असे विचारण्यात आले. या खेपेस मी तोंड उघडले आणि मार्गदर्शक म्हणून सही केली. बिंदुनामावलीची प्रत मिळावी म्हणून तिने माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला आहे. मुदत तीस दिवसांची असते. आज एकेचाळिसावा दिवस आहे, आणि अपिलाचा कागद आम्ही दोघे मिळून लिहितो आहोत.